बालकथांतल्या लष्करी जनावरांच्या पाठीवरचे ओझे काढून टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ जानेवारी २०२५ रोजी लष्कर दिनाचे संचलन पुण्यात खडकीला झाले. त्यात सैनिकांबरोबर चार पायांची यंत्रे चालत गेली, आणि त्या यंत्रांना नाव दिले आहे खेचराचेच. डोंगरी चौक्यांवर दारूगोळा आणि शिधा पोहोचवणारे खरे खेचर आता लष्करातून कमी होत जाणार आहे. ज्या मुलांनी ती यंत्रे पाहिली त्यांना खरे खेचर काय वाहत होते, कसे वाहत होते आणि कशाने मरत होते, हे सांगणारे वाचन मिळायला हवे. असे वाचन जुन्या बालसाहित्यात आहे. मुलांसाठी गोष्ट आटोपशीर करताना मात्र नेमका कामाचाच भाग आधी गळतो. लष्करी जनावरांची देखभाल आणि उपचार हेच आयुष्यभराचे काम असलेल्या आम्हा काहीजणांना याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

‘जंगल बुक’ म्हटले की आपल्याकडे मोगली आणि शेरखान आठवतात. १८९४ च्या मूळ पुस्तकातली शेवटची कथा मात्र मोगलीची नाही. ती राणीच्या फौजेतल्या जनावरांची आहे. रावळपिंडीला अफगाणिस्तानच्या अमिराच्या भेटीसाठी मोठी छावणी पडली आहे, महिनाभर पाऊस कोसळतो आहे, आणि रात्री एक उंट दावे तोडून तंबूंवरून धावत सुटतो. त्या गोंधळात एक तोफखान्याचे जुने खेचर, एक नवशिके खेचर, उंट, रिसाल्यातला घोडा, तोफेचे दोन बैल आणि एक हत्ती एकत्र येतात आणि लढाईत कोण काय करतो यावर वाद घालतात. या छावणीला खरा आधार आहे. १८८५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन आणि अमीर अब्दुर रहमान यांची रावळपिंडीला भेट झाली, तेव्हा रडयार्ड किपलिंग हा लाहोरच्या वर्तमानपत्राचा तरुण बातमीदार म्हणून तिथे हजर होता. त्याचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील लॉकवुड किपलिंग तेव्हा जे. जे. कलाशाळेत शिकवत. त्यांनी पुढे १८९१ मध्ये हिंदुस्थानातली माणसे आणि जनावरे यांच्यावर एक पुस्तक लिहिले, त्यात बैल, उंट, हत्ती, घोडे-खेचरे यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. मुलाच्या कथेतला नेमकेपणा कुठून आला असावा, याचा अंदाज त्यावरून येतो.

खेचराचेच उदाहरण घेऊ. कथेतले जुने खेचर ज्या तोफखान्यात आहे तिथली तोफ दोन तुकड्यांची असते. डोंगरी युद्धासाठी १८७९ च्या सुमारास आलेली ही अडीच इंची तोफ. तिची नळी मधोमध फिरकीने जोडली जाई. अख्खी नळी सुमारे ४०० पौंडांची, म्हणजे एका जनावराला न झेपणारी. तिचे दोन भाग केले की प्रत्येकी २०० पौंड, साधारण ९० किलो. एका खेचरावर नळीचा मागचा भाग, दुसऱ्यावर पुढचा, तिसऱ्यावर गाडा, चौथ्यावर चाके, पाचव्यावर आस. एका तोफेला ही पाच खेचरे, आणि दारूगोळ्याची व बदलीची वेगळी.

यात अवघड गोष्ट अशी की नळीचा तुकडा दोन्ही बाजूंना वाटून टांगता येत नाही. तो पाठीवर मधोमध, वरच ठेवावा लागतो. दोन बाजूंचे ओझे खाली लोंबते आणि जनावराला स्थिर ठेवते, वरचे ओझे प्रत्येक पावलाला डोलते. त्यामुळे नळीसाठी सर्वांत रुंद पाठीची, आखूड कमरेची, शांत खेचरे निवडत आणि चढावर ठराविक अंतराने ओझे बदलीच्या खेचरावर देत. कथेतले म्हातारे खेचर सांगते की खेचर स्वतः सहसा अडखळत नाही, खोगिरावर ओझे नीट बांधलेले नसेल तरच क्वचित पडते. ज्याने एकदाही खेचर लादले आहे त्याला हे वाक्य पटेल. आमच्या मते ते या कथेतले सर्वांत मोलाचे वाक्य आहे, आणि संक्षेपात ते पहिल्यांदा जाते.

नीट बांधणे म्हणजे काय, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. आधी पाठीवरून हात फिरवून खडा, काटा, सुकलेला चिखल काढायचा. घोंगडी मानेच्या बाजूला थोडी पुढे टाकून मागे सरकवायची, म्हणजे केस उलटे होऊन दाबले जात नाहीत. त्यावर खोगीर असे बसवायचे की कण्याच्या वर मोकळी जागा राहील आणि मागून पाहिले तर त्यातून उजेड दिसेल. दाब कण्यावर नको, दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर हवा. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एकदम आवळायचा नाही. खेचर त्या वेळी पोट फुगवते, म्हणून पन्नासेक पावले चालवून पुन्हा आवळायचा. चढावर खोगीर मागे घसरू नये म्हणून छातीचा पट्टा, उतारावर पुढे येऊ नये म्हणून शेपटीखालून जाणारी दुमची आणि पुठ्ठ्यामागचा पट्टा. दोन बाजूंचे ओझे दोन माणसांनी एकाच क्षणी उचलून चढवायचे. एका बाजूला दोन-तीन किलो जास्त झाले तरी खोगीर तिकडे कलते, कलले की त्या बाजूचा दाब वाढतो, आणि संध्याकाळपर्यंत पाठ सोलवटते.

मुक्कामावर पोहोचल्यावर होणारी चूक तर नवशिके हमखास करतात. दमलेल्या जनावराची दया येऊन खोगीर लगेच ओढून काढतात. ओझे उतरवायचे, तंग सैल करायचा, पण खोगीर वीस-तीस मिनिटे पाठीवरच राहू द्यायचे. तासन्‌तास दाबलेल्या कातडीत रक्त एकदम धावले की सूज येते आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा फुटते. वाटाण्याएवढी गाठ दिसली तर त्या जागेवर येणारी खोगिराची भरण काढून तिथे खळगा करायचा. ती गाठ तशीच दाबत राहिली तर जनावर कित्येक आठवडे कामातून जाते. कथेतले खेचर, पहिल्यांदा साखळ्यांसकट पूर्ण साज चढवला तेव्हा पुढच्या पायांवर उभे राहून आपण लाथांनी तो सगळा उडवून लावला, असे नवशिक्याला सांगते. हा हट्टीपणा समजू नये. साज अंगाला लागायला वेळ लागतो; आधी रिकामे खोगीर, मग हलके ओझे, मग आवाज करणारे ओझे, असा क्रम असतो.

रात्रीच्या गोंधळाचे वर्णनही अचूक आहे. छावणीत जनावरे आगाडी-पिछाडीने बांधतात. पुढचा दोर म्होरकीला, मागचा पायाला. मेखा कोरड्या जमिनीत घट्ट बसतात; महिनाभर पाऊस पडलेल्या जमिनीतून त्या एका हिसक्याने उपटून येतात. एक जनावर सुटले की मागे फरफटणारा दोर आणि मेख पुढच्या रांगेच्या पायांत जाते आणि तीही बिथरते. कथेतला घोडा चिडून म्हणतो तसे, झोपमोड सगळ्या तळाची होते. त्यात उंट सगळ्यांत धोक्याचा, कारण चिखल हा उंटाचा शत्रू आहे. त्याचे तळवे वाळूसाठी घडलेले. ओल्या चिकणमातीवर मागचे पाय दोन बाजूंना फाकतात, जांघ फाटते आणि उंट पुन्हा उभा राहत नाही. पावसात उंट चालवू नये, चालवावाच लागला तर मागचे दोन पाय गुडघ्यांच्या वर सैल दोराने जोडावेत, हे राजस्थानातले जाणते उंटपाळ रायके आजही सांगतात.

लढताना उंट काय करतात, तेही कथेत आहे. उंटांना चौकोनात बसवायचे, ओझी आणि पालाणे, म्हणजे उंटांची खोगिरे, चौकोनाबाहेर रचायची आणि माणसे त्यांच्या पाठीवरून गोळ्या झाडणार. उंट म्हणतो, स्थिर बसून वाट पाहायची. जुन्या खेचराला हे भयंकर वाटते. घोड्याचे म्हणणे असे की स्वाराच्या गुडघ्याचा इशारा आणि आपण पाय कुठे टाकतो, एवढ्यावर सगळे आहे. प्रत्येक जनावराला आपली पद्धत शहाणपणाची आणि दुसऱ्याची वेडेपणाची वाटते. प्राण्यांना माणसासारखे बोलायला लावले तरी त्यांचे बोलणे त्यांच्या शरीरावरूनच ठरते, ही या लेखनाची ताकद.

बैल आणि हत्ती यांच्यातला वाद मराठी मुलांना अधिक जवळचा वाटावा. किल्ल्याच्या तटावर मारा करणाऱ्या जड तोफा हत्ती ओढत, पण गोळीबाराच्या टप्प्यात आले की हत्ती सोडून बैल जुंपत. कथेतले बैल सांगतात, एका तोफेला वीस जोड्या. म्हणजे चाळीस बैल, एका लयीत. वीस जोड्यांची रांग ओढताना अडचण ताकदीची नसते. सगळ्यांनी एकाच क्षणी जोर लावण्याची असते. पुढच्या जोड्या वळणावर आतल्या बाजूला ओढतात, मधल्या जोड्यांवर साखळी तिरकी येते आणि जू मानेवर फिरते. म्हणून गाडीवानांचे लयीत ओरडणे हा कामाचाच भाग आहे. मोठ्या तोफांसाठी म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांची फार ख्याती होती. १८०३ मध्ये इंग्रज सेनानी वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पुढे असईला मराठी फौजेशी लढला, त्या मोहिमेत त्याच्या तोफा आणि सामान याच बैलांनी वाहिले. धान्य लमाणांच्या तांड्यांनी पाठीवरच्या गोण्यांतून पुरवले. आपल्या इतिहासातले हे पान शाळेत तलवारीच्या बाजूने शिकवले जाते. बैलाच्या बाजूनेही शिकवावे.

हत्ती गोळीबारात पुढे का जात नाही, याचे कथेतले उत्तर खोल आहे. हत्ती म्हणतो, गोळा फुटल्यावर काय होईल ते मला डोक्यात आधीच दिसते, तुम्हा बैलांना दिसत नाही. घोडा कबूल करतो की त्यालाही थोडे दिसते, पण तो विचार करत नाही. हत्ती भित्रा आहे म्हणून मागे राहतो असे नाही. त्याची सोंड आणि तळपाय फार नाजूक, जखम लक्षात राहते, आणि बिथरला तर आपल्याच माणसांना तुडवतो. त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या कथेतला काला नाग नावाचा हत्ती कपाळावर चामड्याची गादी बांधून चिखलात रुतलेली तोफ ढकलतो, १२०० पौंडांचे तंबू वाहतो, आणि वाफेच्या यारीने उचलून जहाजात चढवला जाऊन पाठीवर उखळी तोफ घेऊन ॲबिसिनियात (आजचा इथिओपिया) मॅगडालापर्यंत जातो. ही कल्पना नव्हे. १८६७-६८ ची ती मोहीम मुंबई फौजेच्या सेनापतीने, सर रॉबर्ट नेपियरने चालवली. मुंबईहून ४४ हत्ती जहाजाने गेले, तोफा घेऊन डोंगर चढले, आणि १३ एप्रिल १८६८ ला मॅगडाला पडले. मुंबईच्या मुलांना हे ठाऊक असायला हवे.

पण त्या मोहिमेतली खेचरे कथेत नाहीत. झुला बंदरावर हजारो खेचरे उतरवली गेली तेव्हा पुरेसे हाकणारे नव्हते, पाणी नव्हते, आणि बांधायला नीट साखळ्या नव्हत्या. खेचरे दोर चावून सुटली आणि किनाऱ्यावर तहानेने मेली. शत्रू तेव्हा कित्येक मैल दूर होता.

इथेच आमचा आक्षेप आहे. या बालकथा काम अचूक सांगतात, मरण मात्र चुकीचे दाखवतात किंवा दाखवतच नाहीत. किपलिंगच्या कथेच्या शेवटी एक देशी अधिकारी मध्य आशियातल्या सरदाराला समजावतो की खेचर हाकणाऱ्याचे ऐकते, हाकणारा हवालदाराचे, हवालदार वरच्याचे, असे थेट व्हाइसरॉयपर्यंत आणि पुढे राणीपर्यंत. ती उतरंड साम्राज्याच्या अभिमानाने लिहिली आहे. त्या उतरंडीत जनावराबद्दलची जबाबदारी वरून खाली येताना कुठेच दिसत नाही. १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्या उंटांचा आकडा साठ हजारांच्या पुढे सांगितला जातो. त्यांतले गोळीने मेलेले थोडे. सिंध-पंजाबच्या सपाटीवरचे उंट बर्फाळ खिंडीत नेले. उंटाला चरायला आणि रवंथ करायला रोज सहा-आठ तास लागतात. लष्करी कूच दिवसभराचे, रात्री चोरांच्या भीतीने बांधून ठेवलेले, मग चरणार कधी? ओळखीचा पाला न मिळाल्याने उंटांनी ओढ्याकाठची कण्हेर खाल्ली आणि विषबाधेने मेले. ज्यांना उंटाचा स्वभाव माहीत होता ते मालक वाटेत निघून गेले आणि ज्यांनी कधी उंट लादला नव्हता त्यांच्या हाती ते आले. चार मणांचे ओझे आजारी उंटावरही तेवढेच. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात तीन लाखांहून जास्त घोडे गेले. पुष्कळ घोडे लांबच्या जहाजप्रवासातून उतरल्यावर विश्रांती न देता थेट मोहिमेवर धाडले होते.

‘ब्लॅक ब्यूटी’ (१८७७) या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. त्यात कॅप्टन नावाचा म्हातारा रिसाल्याचा घोडा क्रिमियाच्या युद्धातला अनुभव सांगतो. जहाजावर झोळीने उचलून ठेवणे आणि पायांखाली घट्ट जमीन नसणे हे त्याला भयंकर वाटले, हे घोडा ओळखणाऱ्यानेच लिहावे. धन्याला गोळी लागते, रिकामे घोडे सवयीने रांगेत धावत राहतात. शेवटी ब्यूटी विचारतो, ते कशासाठी लढत होते? कॅप्टनला माहीत नसते. शत्रू फार दुष्ट असले पाहिजेत, त्याशिवाय त्यांना मारायला एवढ्या समुद्रापार जाणे योग्य कसे, एवढेच तो म्हणतो. तरीही लेखिका ॲना सूएलने त्या हिवाळ्याचा नीट हिशेब दिलेला नाही. क्रिमियातल्या २५ ऑक्टोबर १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या हल्ल्यातून वाचलेले घोडे पुढच्या थंडीत उपासमारीने मेले. बंदरात चारा उतरत होता आणि तळ तिथून काही मैलांवर होता, पण चिखलातून चारा वर आणायला जनावरेच उरली नव्हती. घोड्यांनी एकमेकांच्या शेपट्या आणि आयाळी खाल्ल्या.

तिसरे पुस्तक एका भारतीयाचे आहे, आणि मराठी घरांत ते सर्वांत कमी माहीत असावे. कोलकात्याजवळ जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले धनगोपाल मुखर्जी यांनी १९२७ मध्ये चित्रग्रीव नावाच्या कबुतराची कथा लिहिली. बालसाहित्यासाठीचे अमेरिकेतले न्यूबेरी पदक १९२८ मध्ये तिला मिळाले. हितोपदेशातल्या कपोतराजाचेच हे नाव. कथेतले कबूतर पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्याबरोबर फ्रान्सला जाते. संदेशवाहक कबूतर एकाच दिशेने काम करते, आपल्या खुराड्याकडे. म्हणून खुराडे आघाडीच्या मागे ठेवायचे, पक्षी टोपलीतून पुढे न्यायचे आणि पायाच्या नळीत पातळ कागद घालून सोडायचे. सोडायच्या आधी पोटभर चारा द्यायचा नाही, भरल्या पोटी पक्षी झाडावर बसून राहतो. नव्या जागी खुराडे हलवले तर आधी दिवसेंदिवस जाळीतून आसपासचा प्रदेश पाहू द्यावा लागतो. अंधार, दाट धुके, ससाणे आणि विषारी वायू या त्याच्या अडचणी. ४ ऑक्टोबर १९१८ ला शेर आमी नावाचे अमेरिकी तुकडीचे कबूतर छातीत गोळी लागूनही संदेश घेऊन पोहोचले. अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. मुखर्जींचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. त्यांचे कबूतर घरी परत येते, जखम भरते, तरी उडत नाही. पंखात दोष नसतो, भीती बसलेली असते. मग हिमालयातल्या लामांच्या मठात त्याला शांत ठेवले जाते आणि तिथे तो पुन्हा उडतो. तोफांच्या आवाजाने बिथरलेल्या घोड्याला, कुत्र्याला कामावर परत आणायचे तर विश्रांती, एकच ओळखीचा माणूस आणि ठरलेली दिनचर्या लागते, हे आजही खरे आहे. इतक्या स्पष्टपणे हे मुलांसाठी लिहिणारे पुस्तक आम्हाला दुसरे माहीत नाही.

मराठीत अशी पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकांना आणि चित्रकारांना काही सूचना. कथा लहान करायची तर संवाद कमी करा, ओझी आणि साज ठेवा. नळीचा तुकडा खेचराच्या एका कुशीला लटकवलेला काढू नका; तो वर, मधोमध असतो. खेचराला दुमची आणि छातीपट्टा दोन्ही दाखवा. बैलाचे जू वशिंडाच्या पुढे असते, वशिंडावर नसते. उंटाचे पालाण वशिंडाच्या टोकावर टेकत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे-मागे बसते. घोड्याला बांधलेली पिछाडी घोट्याजवळ येते, गुडघ्यावर नाही. आणि प्रत्येक कथेच्या शेवटी एक पान जोडा: जनावराला रोज किती पाणी आणि किती चारा लागतो, किती ओझे पेलते, त्या मोहिमेत किती जनावरे गेली आणि किती परत आली.

आपल्या लष्करातलेही एक नाव त्या पानावर यावे. पेडोंगी ही स्पेनहून आलेली खेचरी, खूर क्रमांक १५३२८. तिच्या दीर्घ सेवेबद्दल १९९२ मध्ये तिला निळ्या मखमलीची झूल देऊन गौरवण्यात आले. खुरावरचा क्रमांक तापल्या लोखंडाने डागतात, आणि खूर महिन्याला जवळपास एक सेंटीमीटर वाढत असल्यामुळे तो खाली सरकत जाऊन नालबंदाच्या कानशीखाली नाहीसा होतो. म्हणून पुन्हा पुन्हा डागावा लागतो. शालेय वयाच्या वाचकांसाठी तिच्यावर कुणी मराठीत लिहायला घेतले, तर साज, ओझे, चारा आणि उपचार यांची लागेल ती माहिती आणि मोजमापासकट रेखाटने विनामूल्य द्यायला आम्ही तयार आहोत. असा लेखक वा प्रकाशक आपल्या कार्यालयाशी बोलला, तर कृपया त्याला आमचा पत्ता द्यावा.

आपले,
लष्करी जनावरांच्या सेवेतले काही निवृत्त पशुवैद्यक आणि नालबंद
(नावे व पत्ते संपादकांकडे)